हाताने वाचायची कथा : 'ईस'चे सहा ग्रंथ आणि आपला मुलूख

१. विषयाची मांडणी

आपल्या वार्षिकांकात कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांवर अभ्यासलेख आला तर कोणाला नवल वाटत नाही. व्हिडिओ गेमवर लेख आला तर मात्र 'हा विषय कलाशाखेचा कसा?' असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्तही आहे. त्या प्रश्नाला माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर देणे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपण राहतो त्या पट्ट्यात या विषयाला एक स्थानिक कारणही आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, आणि आता औद्योगिक वसाहतीची ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली आहे. ब्रिजस्टोनसारख्या जपानी कंपन्याही तेथे आहेत. 'कायझेन', 'फाइव्ह एस' हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी जपानी भाषेच्या वर्गात ऐकण्याआधी वडिलांच्या किंवा काकांच्या तोंडून, पाळीवरून घरी आल्यावर ऐकले आहेत. मी मराठी विषय घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी जपानी शिकतो. आमच्या वर्गातील बहुतेकांचे ध्येय एकच : कारखान्यात दुभाष्याची नोकरी. त्यात वावगे काही नाही. परंतु त्यामुळे जपानी ही आपल्याला फक्त यंत्रांची आणि मुलाखतीची भाषा वाटू लागते, आणि मराठी ही कोणत्याच उपयोगाची नसलेली भाषा वाटू लागते. या दोन्ही समजुती किती अपुऱ्या आहेत हे मला ज्या एका जुन्या जपानी खेळामुळे उमगले, त्याचे नाव 'ईस'.

२. प्रकाराची ओळख

ज्यांना हे खेळ परिचित नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका वीराची भूमिका घ्यायची, फासे टाकायचे आणि एका सूत्रधाराच्या साहाय्याने सर्वांनी मिळून एक साहसकथा रचायची, असे त्याचे स्वरूप होते. यावरून 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ, हे नाव रूढ झाले. १९८१ च्या सुमारास 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या खेळांनी हा प्रकार संगणकावर नेला, आणि जपानी तरुणांनी तो तेथून उचलला.

जपानमध्ये त्याच्या दोन शाखा झाल्या. पहिल्या शाखेत लढाई पाळीपाळीने होते : तुम्ही एक चाल करा, मग राक्षस एक चाल करील. १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' हा या शाखेचा गाजलेला नमुना. दुसऱ्या शाखेत राक्षस तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही विचार करीत असता तेव्हा तो चालून येतच असतो. हिला 'अॅक्शन रोल-प्लेइंग' म्हणतात. १९८४ साली नामको कंपनीचा 'टॉवर ऑफ द्रुआगा', नागोया येथील टी अँड ई सॉफ्टचा 'हायड्लाइड' आणि निहोन फाल्कम कंपनीचा 'ड्रॅगन स्लेयर' असे तीन खेळ आले आणि ही शाखा रुजली. आपल्या खेळांतला दाखला द्यायचा तर पहिली शाखा बुद्धिबळाची आणि दुसरी आट्यापाट्यांची.

निहोन फाल्कमनेच १९८७ साली 'ईस' प्रसिद्ध केला. मासाया हाशिमोतो आणि तोमोयोशी मियाझाकी हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्याचे संगीत प्रामुख्याने युझो कोशिरो आणि मिएको इशिकावा यांचे. त्या काळातले खेळ मुद्दाम अवघड केलेले असत. पुढचा मार्ग सापडेपर्यंत खेळाडू दिवसेंदिवस अडकून पडे. 'ईस'च्या जाहिरातीत मात्र, आता या खेळांमध्ये सौम्यतेचे युग येत आहे, अशा आशयाची घोषणा होती. सामान्य माणसालाही कथेच्या शेवटापर्यंत पोहोचता आले पाहिजे, अशी ती भूमिका होती. ज्या खेळाला आपली कथा महत्त्वाची वाटते तोच अशी भूमिका घेऊ शकतो.

३. 'ईस'ची कथा

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ईस नावाच्या बुडालेल्या नगरीची दंतकथा आहे. समुद्रसपाटीखाली वसलेले ते वैभवशाली शहर दरवाजा उघडला गेल्याने एका रात्रीत पाण्याखाली गेले, असे सांगतात. आपल्या वाचकांना येथे द्वारका आठवेल. जपानी रचनाकारांनी नाव त्या दंतकथेचे घेतले, पण नगरीची दिशा बदलली. त्यांची ईस समुद्रात बुडत नाही, आकाशात निघून जाते. खाली एस्टेरिया नावाची भूमी उरते आणि ईस होती ही गोष्ट लोक हळूहळू विसरत जातात.

अॅडॉल क्रिस्टिन हा लाल केसांचा तरुण एस्टेरियात येतो. मिनेआ गावात सारा नावाची भविष्य सांगणारी बाई त्याला एक काम देते : ईसचे सहा ग्रंथ शोधून आण. ईसच्या दोन देवतांची सेवा करणारे सहा पुरोहित होते आणि प्रत्येकाच्या नावाचा एकेक ग्रंथ आहे : हादल, तोवा, दाबी, मेसा, गेम्मा आणि फॅक्ट. प्रत्येक ग्रंथात त्या नगरीच्या इतिहासाचा एकेक तुकडा आहे. मंदिराच्या तळघरात, सोडून दिलेल्या खाणीत आणि शेवटी दार्म नावाच्या उंच मनोऱ्यात हे ग्रंथ विखुरले आहेत.

हे ग्रंथ सापडल्यावरही नायकाला ते वाचता येत नाहीत. त्यांची लिपी जुनी आहे. झेपिक गावातील जेबा नावाची म्हातारी ती जाणते. पहिला ग्रंथ मिळाला की तिच्याकडे जायचे आणि ती वाचून दाखवील ते ऐकायचे. पुढे मनोऱ्यात एक भिंग मिळते, तेव्हा कोठे अॅडॉल स्वतः वाचू लागतो. मोडी लिपीतील कागदांचे दप्तर घरात असूनही वाचणारा कोणी नाही, अशी स्थिती आपल्याकडील कित्येक जुन्या घरांत आहे. तलवार, ढाल आणि चिलखत याइतकेच महत्त्व लिपीच्या ज्ञानाला देणारा हा खेळ म्हणूनच मला कलाशाखेचा वाटला.

ग्रंथांतून उलगडणारी हकीकतही विचार करण्यासारखी आहे. ईसचे वैभव क्लेरिया नावाच्या चांदीसारख्या धातूवर उभे होते. त्या वैभवामागच्या जादूतूनच राक्षसही आले. म्हणून तो धातू जमिनीत खोल पुरून टाकण्यात आला. अनेक शतकांनंतर एस्टेरियाच्या लोकांनी चांदी समजून तो पुन्हा खणून काढला आणि राक्षस परत आले. शेवटच्या शत्रूचा, डार्क फॅक्टचा, पराभव करायचा तर मात्र त्याच चांदीची शस्त्रे लागतात. ज्याने संपन्नता आली त्यानेच संकट आले, आणि संकटावरचा उपायही त्यातूनच काढावा लागला. कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या आणि पवना-इंद्रायणीचे पाणी रोज पाहणाऱ्या वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

४. नियम हीच निवेदनशैली

यावर कोणी म्हणेल, ही गोष्ट पुस्तकातही लिहिता आली असती. मग खेळाचे वैशिष्ट्य काय? येथे माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. कादंबरीत अर्थ जसा वाक्यरचनेतून, निवेदकाच्या स्वरातून आणि प्रसंगांच्या क्रमातून येतो, तसा खेळात तो नियमांतून येतो. तेव्हा खेळाची समीक्षा करायची तर केवळ त्याचे कथानक सांगून भागत नाही. त्याचे नियम वाचावे लागतात. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण लढाईचे. 'ईस'मध्ये तलवार चालवण्याची कळच नाही. नायकाला शत्रूच्या अंगावर चालवत न्यायचे. समोरासमोर धडकलात तर तुम्हालाही इजा होते. थोडे बाजूला सरकून, अर्ध्या अंगाने भिडलात तर घाव त्याच्यावर बसतो. हा नियम कोणी शिकवीत नाही. पहिल्या पाच-दहा धडकांत तो हाताला कळतो. नायक अजिंक्य योद्धा नसून जागा हेरून वागणारा प्रवासी आहे, हे एका शब्दाचाही वापर न करता सांगितले जाते.

दुसरे उदाहरण विश्रांतीचे. मोकळ्या रानात नायक नुसता उभा राहिला तरी त्याची शक्ती हळूहळू भरून येते. तळघरात, खाणीत वा मनोऱ्यात तसे होत नाही. तेथे शक्ती भरून यायला एक विशिष्ट अंगठी लागते. खाणीतून बाहेर पडून आकाशाखाली स्वस्थ उभे राहण्याचा जो दिलासा खेळाडूला मिळतो, तो वर्णनाने मिळणारा नाही. कारण तो दिलासा त्याने स्वतः ओढलेल्या ताणातून आलेला असतो. रात्रपाळी संपवून फाटकाबाहेर आलेल्या माणसाला तो अधिक समजेल.

तिसरे उदाहरण १९८८ सालच्या दुसऱ्या भागातील आहे आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. तेथे नायकाला काही मंत्रविद्या मिळतात. त्यांपैकी एकीने हातातून अग्नी सुटतो आणि राक्षस मरतात. दुसरीने तो 'रू' नावाच्या लहानशा प्राण्याचे रूप घेतो, आणि मग राक्षस त्याच्याशी बोलू लागतात. ज्यांना आतापर्यंत अनुभवाचे गुण मिळवण्यासाठी मारत आलो, ते आपसांत कुरकुर करतात, थकल्याचे सांगतात, वरिष्ठांविषयी तक्रार करतात. त्यांचे बोलणे ऐकून झाल्यावर पुन्हा मूळ रूप घेऊन त्यांना मारता येतेच. खेळ अडवीत नाही. मात्र हात किंचित थबकतो. ही जी थबक आहे ती या माध्यमाची कमाई आहे. कादंबरीत नायक थबकला तर आपण ते वाचतो, आणि येथे थबकणारे आपण स्वतः असतो.

या खेळातील दोन देवताही जाता जाता पाहण्यासारख्या आहेत. तळघरात कैद असलेली, स्मृती हरवलेली फीना आणि गावात हरवलेल्या चांदीच्या हार्मोनिकासाठी हळहळणारी रेआ, या दोघी साध्या मुली म्हणून भेटतात. याच त्या देवता, हे फार उशिरा कळते. जनाबाईबरोबर दळण दळणारा विठ्ठल ज्या परंपरेला ठाऊक आहे, तिला हे परके वाटू नये.

५. मराठीतील अद्भुताची वाट

आता आपल्या घराकडे वळू. मराठी कादंबरीचा आरंभ आपण अभ्यासक्रमात शिकतो. १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, आणि लगेच १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' त्यानंतरची. या दुसऱ्या प्रकारच्या कादंबऱ्यांत संकटात सापडलेल्या नायिका, पराक्रमी नायक, दुष्ट कारस्थानी, अरण्ये आणि आश्चर्ये यांची रेलचेल होती. हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक कादंबरी प्रतिष्ठित केल्यावर हे सारे पोरकट ठरले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मात्र १९०२ सालच्या आपल्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव अशा दोन्ही प्रवृत्तींची गंभीरपणे चिकित्सा केली होती. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने १९१३ मध्ये अद्भुताला पुन्हा वाचक मिळवून दिला. पण समीक्षेच्या दरबारात त्याला मानाची जागा मिळाली नाही ती नाहीच.

वास्तववादाने मराठी साहित्याला जे दिले त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु अद्भुताची भूक त्यामुळे नाहीशी झाली नाही. ती इतर वाटांनी भागवली गेली. आज आपल्याच वर्गातील कितीतरी जण रात्री जागून जपानी खेळांतले मनोरे चढतात आणि सकाळी 'मुक्तामाला' हे केवळ परीक्षेतील एका गुणाचे नाव म्हणून पाठ करतात. या दोन गोष्टी एकाच घराण्यातल्या आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

६. पुण्याची 'राजी'

असा खेळ आपल्याकडे होऊ शकतो का? याचे उत्तर कल्पनेने देण्याची आवश्यकता नाही. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ तयार केला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम निंटेंडो या जपानी कंपनीच्या यंत्रावर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती हिंदी आवाजांसह आली.

राजी ही खेळ करून दाखवणाऱ्या फिरस्त्या कलावंतांतील मुलगी आहे. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस मुलांना पळवून नेतात. त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही असतो. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती महाबलासुराच्या शोधात निघते. कथा आपल्याला ऐकवतात त्या दुर्गा आणि विष्णू या देवता. मधली निवेदने छाया-बाहुल्यांच्या रूपात येतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ती पद्धत ओळखीची वाटेल.

वर मांडलेल्या कसोटीवर 'राजी' उतरते का? एका बाबतीत उत्तम उतरते. राजी सैनिक नाही, कसरतपटू आहे. म्हणून तिची लढाईही कसरतीची आहे. ती भिंतीवरून धावते, खांबाला पकडून गिरकी घेते आणि त्या गिरकीतूनच वार करते. तिचा पेशा संवादातून नव्हे, तर हालचालीच्या नियमांतून कळतो. राजस्थानी किल्ल्यांची आणि हवेल्यांची धाटणी घेऊन रचलेली तिची सृष्टी तर पाहातच राहावी अशी आहे.

दुसऱ्या बाबतीत मात्र ती मला उणी वाटते. तिच्या वाटेवर माणसे भेटत नाहीत. जेबासारखी म्हातारी नाही, बाजार नाही, कुरकुरणारा गावकरी नाही. पुराणकथा भिंतीवरील चित्रांतून सांगितल्या जातात. आपण त्या ऐकतो आणि पुढे जातो. त्या ऐकल्याने आपल्या हाती काही नवे येत नाही. 'ईस'मध्ये ग्रंथ मिळवणे हेच कार्य आहे, येथे कथा ही वाटेवरची सजावट होते. शेवटही घाईने आल्यासारखा वाटतो. अर्थात अपुऱ्या साधनांनिशी मोजक्या लोकांनी केलेले हे काम आहे, आणि त्यांनी एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली : तंत्र आता आपल्या शहरात आहे. उणीव आहे ती कथा आतून जाणणाऱ्यांनी त्या कामात उतरण्याची. हे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे एकट्याचे नाही.

७. देहू-चाकणचे साहित्य

शेवटी एक सूचना मांडतो. हरवलेल्या ग्रंथांची कथा शोधायला ब्रिटनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी उरले होते आणि त्यांनीच ते परत दिले, असाही या कथेचा अर्थ लावला जातो. शिवाय तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे, तेलाचा घाणा चालवणारे. त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाथा प्रसिद्ध केली. म्हणजे ग्रंथ, त्याचे हरवणे, त्याचे परत मिळणे आणि त्याचा लेखक-रक्षक हे सारे आपल्या औद्योगिक पट्ट्याच्या हद्दीतले आहे.

यावर खेळ रचायचा तर त्याचा नियम कोणता असावा? तलवार येथे विसंगत होईल, आणि संतांना लढाईत उतरवणे कोणाला रुचणारही नाही. मला सुचतो तो नियम असा. खेळाडू गावोगाव फिरेल. कोणी जात्यावर म्हणेल, कोणी मोटेवर, कोणी दिंडीत. प्रत्येकाच्या तोंडी अभंगाचा थोडा भाग असेल आणि तो एकमेकांशी जुळेलच असे नाही. कोठे चरण गळलेला, कोठे शब्द बदललेला, कोठे दुसऱ्याच कोणाची ओळ मिसळलेली. वृत्त, भाषा आणि आशय पाहून कोणता पाठ वहीत उतरवायचा हे खेळाडूने ठरवायचे. घाईने कोणाचे बोलणे अर्धवट ऐकले तर तो भाग कायमचा जाईल. आम्ही 'पाठभेद' आणि 'पाठचिकित्सा' या नावांनी जे रुक्ष म्हणून शिकतो, तेच येथे साहस होईल.

असा खेळ रचण्यासाठी अभंगाची चाल कानात असलेला माणूस हवा, सतराव्या शतकातील मराठी वाचणारा हवा, मोडी जाणणारा हवा. हे शिक्षण आपल्या मराठी विभागात मिळते. ते घेऊन पुढे काय करायचे, असे आम्हाला घरी वारंवार विचारले जाते आणि त्या प्रश्नामागची काळजी खरी असते. 'ईस' ज्यांनी घडवला त्यांनी एका दूरच्या किनाऱ्यावरची विस्मृत कथा घेतली आणि ती आपल्या भाषेतील असंख्य तरुणांच्या हाती दिली. आपल्याकडे कथा दूरची नाही. देहूचा डोह, चाकणची पेठ आणि सुदुंबऱ्याची संताजींची समाधी येथून अर्ध्या दिवसात पाहून होतात. मराठी विभाग आणि संगणकशास्त्र विभाग यांतील चार-सहा जणांनी मिळून येत्या वर्षी हे काम लहान प्रमाणावर, एखाद्या गावापुरते आणि एखाद्या अभंगापुरते, करून पाहावे अशी माझी विनंती आहे. त्यासाठी प्राध्यापकांचे मार्गदर्शन मिळाले, तर या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.